छोट्या विमानाचे तारेचे पाय

मी मुंबईत लालबाग-परळ भागातल्या बचत गटांचं काम बघते. आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, पापड-लोणची, शेळीपालन, बँकेचा हप्ता हे सगळं सोडून ही बाई विमानाचं काय घेऊन बसली? पण थोडा वेळ ऐका. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी असेल, तर हे तुमच्या कामाचं आहे. आणि तुमच्या गटाला ड्रोन मिळाला असेल किंवा मिळायचा असेल, तर त्याहून जास्त कामाचं आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत आहे. एनसीसी १९४८ साली सुरू झाली, पुढच्या वर्षी तिच्यात मुलींची शाखा आली आणि १९५० मध्ये हवाई शाखा. कवायत आणि रायफल तर असतेच, पण हवाई शाखेत मुलांना छोटी विमानं बनवून उडवायलाही शिकवतात. त्याला एरोमॉडेलिंग म्हणतात. दरवर्षी अखिल भारतीय वायुसैनिक शिबिर होतं, त्यात याची स्पर्धा असते, आणि तिथे जायचं तर आधी खालच्या चाचण्यांतून निवड व्हावी लागते. या मुलीला ती चाचणी द्यायची होती. तिचं विमान दोरीवरचं. म्हणजे मधे उभं राहायचं, हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत एक मीटर, वजन किलोच्या आत.

पंख छान जमले, धड जमलं. अडलं ते पायांवर.

पाय म्हणजे पोटाखाली चाकं धरणारी तारेची चौकट. दिसायला हे विमानातलं सगळ्यात सोपं काम. एक तार, चार वाक, दोन चाकं. ताई स्वतः गणपतीच्या दिवसांत लालबागच्या एका कारखान्यात कामाला जातात, त्यामुळे घरात बांधणीच्या तारेचं वेटोळं कायम पडलेलं असतं. त्यांनी ती तार दुहेरी पिळली आणि दहा मिनिटांत पाय करून दिले. वाक इतके सुबक, की बघत राहावं. विमान जमिनीवर ऐटीत उभंही राहिलं. पण पहिल्यांदा उतरलं तेव्हा दोन्ही पाय फाकले आणि विमानाने बसकण मारली. मुलीने पाय सरळ केले, पुन्हा फाकले. मग कुणीतरी सांगितलं, तार लेचीपेची आहे, जाड घाला. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून जाड सळई आणली आणि हातोडीने ठोकून वाकवली. या खेपेला पायांना काही झालं नाही. उतरताना दणका बसला तसा पोटाचा तुकडाच उपटून आला, पाय लावलेल्या फळीसकट.

या दोन प्रकारांत सगळा धडा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

तुमच्या पदराला किंवा मंगळसूत्राला सेफ्टी पिन असेल, ती काढून हातात घ्या. उघडा आणि सोडा. पिन परत जागेवर येते. आता बांधणीची तार किंवा शेताच्या कुंपणाची तार घेऊन वाकवा. ती वाकते आणि वाकलेलीच राहते. पिनेची तार पोलादाची असते, आणि कारखान्यात तिच्यावर अशी प्रक्रिया होते की ती दबते, पण आपला आकार विसरत नाही. विमानाच्या पायाला हाच गुण लागतो. उतरताना तो दबला पाहिजे आणि दबून परत आला पाहिजे. बांधणीची तार दबली, पण परत आली नाही. सळई दबलीच नाही, आलेला दणका तिने जसाच्या तसा पोटाला पोचवला.

दबण्याने किती फरक पडतो, ते आकड्यांत सांगते, कारण मला ते कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. समजा एक किलोचं विमान फूटभर उंचीवरून आदळलं. पाय १ सेंटिमीटरच दबले, तर पोटावर सरासरी ३० किलोच्या आसपास जोर येतो. तेच पाय ३ सेंटिमीटर दबले, तर जोर ११ किलोवर येतो. विमान तेच, उंची तीच. आपण बांधावरून उडी मारताना गुडघे वाकवतो ते याचसाठी. ताठ पायांनी उडी मारली, तर दणका कमरेत जातो.

परळला रेल्वेचा मोठा वर्कशॉप आहे. तिथून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका ताईंच्या चाळीत राहतात. डब्यांच्या स्प्रिंगा बघण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी मोडलेलं पोट बघितलं, सळई हातात घेतली आणि विचारलं, "ही कुणी आणायला सांगितली?" मग म्हणाले, पियानो वायर आण. पियानो या वाद्यात लावतात ती तार, म्हणून हे नाव. बाजारात तिला कुणी स्प्रिंगची तार म्हणतं. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे नागदेवी स्ट्रीटला हत्यारं आणि यंत्राच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे विचारलं की मिळते. घेताना सरळ तुकडा मागायचा. वेटोळ्यातली घेतली तर तिच्यात मुळातच बाक असतो, तो काढता काढता नवख्या माणसाचा दिवस जातो. तुमच्या तालुक्याच्या गावी ही तार मिळाली नाही, तर सायकलच्या स्पोकवर हात बसवा. स्पोक साधारण २ मिलिमीटर जाडीचा असतो. पियानो वायरइतका तो चिवट नसतो, पण हलक्या विमानाला चालून जातो.

जाडी किती घ्यायची? या विमानाला २ मिलिमीटर पुरली. दोन-अडीच किलोच्या विमानाला ४ मिलिमीटरपर्यंत जावं लागतं. मधल्या वजनांना मधली जाडी. इथे एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. तार २ मिलिमीटरऐवजी ३ ची घेतली, तर दीडपट ताठ होत नाही, पाचपट ताठ होते. ४ ची घेतली तर सोळापट. म्हणून "थोडी जाड घेऊ, मजबूत होईल" हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो. जरा जाड घेतली, की पुन्हा सळईच्या जागी येऊन बसलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही तार गॅसवर किंवा चुलीत तापवून वाकवायची नाही. हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. विळा किंवा कोयता चुकून जाळात पडला तर त्याचं काय होतं? पाणी उतरतं. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही, लोहाराकडे जाऊन पुन्हा पाणी द्यावं लागतं. तारेचंही तसंच आहे. लाल केली की ती लोण्यासारखी वाकेल आणि बरं वाटेल, पण तिचं पाणी उतरलेलं असेल. त्या जागी ती पुन्हा बांधणीची तार झाली. जे वाकवायचं, ते थंड असताना.

थंड पोलाद वाकवायला जोर लागतो, म्हणून शेगडा हवा. ज्याला कारखान्यात व्हाइस म्हणतात, तो. काकांनी आपला गॅलरीत पाटाला ठोकलेला आहे. तुमच्याकडे सायकलच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात असतोच. तासभर मागून घ्या.

आधी कागदावर पायांचं चित्र काढायचं, खऱ्या मापाचं. पोटाची रुंदी, पाय किती उतरणार, किती फाकणार, चाक कुठे येणार. दोन चाकांमधलं अंतर पंखाच्या लांबीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकं धरायचं. एक मीटर पंख, तर २५ ते ३० सेंटिमीटर. याहून कमी ठेवलं तर विमान डुलतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. उंची ठरते ती पंख्यावरून. विमान आडवं, म्हणजे उडताना असतं तसं धरलं, तर फिरता पंखा आणि जमीन यांत निदान दोन-अडीच सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. आणि पाय दबणार आहेत, हे धरून मोजायचं.

तारेवर खूण करायची ती मार्करने. कानशीने खाच पाडायची नाही. दोरीला जिथे कातर लागते तिथेच ती तुटते, तसं पोलाद खाचेपाशी तडकतं. तार कापायलाही साधी पक्कड वापरू नका, पकडीच्या धारेला खड्डे पडतात. कानशीच्या कडेने तार चहूबाजूंनी चांगली खोल कातरायची, कापायची खूण बरोबर शेगड्याच्या तोंडाशी धरायची आणि मोडायची. मोडताना वरून फडकं धरा आणि डोळ्यांवर चष्मा घाला. तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. लहान मुलं आजूबाजूला नकोत. ही गोष्ट मी एकदाच सांगते आहे, पण ती ऐकाच.

वाकवताना सुरुवात मधून करायची. तारेचा मध्य काढायचा, तिथून दोन्हीकडे पोटाची अर्धी अर्धी रुंदी मोजायची आणि तिथे पहिले दोन वाक. मग पाय खाली उतरतात, आणि शेवटचे दोन वाक चाकाच्या आसाचे. टोकाकडून सुरुवात केली तर वाकात जरा जास्त तार जाते, जरा कमी जाते, आणि शेवटी एक पाय आखूड निघतो. मधून केलं तर चूक टोकाला जाते आणि तिथे ती कापून टाकता येते. म्हणून दोन्ही टोकांना दोन-तीन सेंटिमीटर तार जास्तीची सोडायची.

वाक कधीही टोकदार कोपऱ्याचा नको. शेगड्याच्या जबड्याची धार तीक्ष्ण असेल तर तारेशेजारी गोल बोल्ट किंवा खिळ्याचं अंग धरा आणि त्याच्यावरून वळवा. हाताला जोर कमी पडला तर तारेवर पोकळ नळी चढवायची, म्हणजे दांडा लांब होतो आणि काम हलकं होतं. बायकांच्या हातात जोर नसतो, असं कुणी म्हणालं तर नळी दाखवायची. हवा त्यापेक्षा थोडं जास्त वाकवायचं, कारण सोडल्यावर तार तेवढी परत येते. किती परत येते, ते पहिल्या वाकालाच कळतं. जास्त झालं तर हलकेच जरासं उलटं आणता येतं, पण पुढे-मागे, पुढे-मागे करत बसू नका. आत बारीक चिरा पडतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. असा तुकडा सरळ बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. ताईंचे दोन तुकडे असे गेले. तार महाग नाही, विमान महाग आहे.

झालेले पाय कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवून बघायचे. पीळ पडला असेल तर एक टोक वर राहतं. चाकं घालून जमिनीवर ढकलून बघायचे. चाकं समोर सरळ हवीत, किंवा अगदी किंचित आत वळलेली. बाहेर वळलेली असतील तर विमान सरळ धावत नाही.

आता हे पाय पोटाला कुठे लावायचे? पंखांखाली बोटं धरून विमान उचललं की ज्या जागी ते तोललं जातं, तो त्याचा तोल. शेपटीजवळ तिसरा टेकू असलेल्या विमानाला पुढची दोन चाकं तोलाच्या थोडी पुढे हवीत, साधारण पंखाच्या पुढच्या कडेखाली. मागे सरकली तर गवतात अडखळून विमान नाकावर पडतं. तिसरं चाक नाकाखाली असेल, तर मात्र मुख्य दोन चाकं तोलाच्या जराशी मागे. तीन पायांचं स्टूल कुठल्या बाजूला कलंडतं, ते आठवा.

लावायचं कसं, यावर चाळीच्या गॅलरीत बराच वाद झाला. मुलीचं म्हणणं, प्लायची पट्टी अॅरल्डाइटने पोटात चिकटवू आणि वरून तार स्क्रूने आवळून टाकू. अनुभवी लोक असं करतात, त्यात चूक काही नाही. काका म्हणाले, शिकताना रबरबँड. पोटातून आडव्या दोन बांबूच्या काड्या घालायच्या, खालून प्लायची पट्टी, आणि तारेचा मधला भाग रबरबँडने काड्यांना करकचून बांधायचा. साधं उतरणं तार झेलते. फारच जोरात आदळलं तर रबर ताणतं, पाय निसटतात, आणि पोट वाचतं. घरातला फ्यूज जळतो आणि मीटर वाचतो, तसं. मला विचाराल तर काकांचंच बरोबर. नवख्या हाताचं विमान आदळणारच, मग काय तुटायला हवं ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

चाकं निसटू नयेत म्हणून दुकानात छोटी कॉलर मिळते, बारीक स्क्रूची. ती नसेल तर जाड इलेक्ट्रिक वायरचं साल काढून त्याचा तुकडा घट्ट बसवायचा आणि अॅरल्डाइटचा थेंब. चाक मोकळं फिरलं पाहिजे. मैदानात गवत असेल तर चाक मोठं घ्या. आणि तार गंजते. पावसाळ्यात मुंबईत काय, कोकणात काय, आठवड्यात तांबडी होते. शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून ठेवायचं.

हे सगळं नवीन नाही बरं का. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या आसाला रबरी दोर गुंडाळलेला असायचा, दणका झेलायला. पुढे अमेरिकेत स्टीव्ह विटमन या माणसाने आपल्या विमानांना पोलादी स्प्रिंगचेच पाय लावले, आणि ती कल्पना सेस्ना कंपनीने घेतली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा तिथे आजच्यासारखी धावपट्टी नव्हती, समुद्राकाठची उघडी जमीन होती. पावसाळ्यात तिचा चिखल व्हायचा, म्हणून तेवढे दिवस विमानं पुण्याहून ये-जा करायची. गिरगाव चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची गोष्टही मुंबईत सांगतात. तिला पक्का पुरावा नाही. पण त्या गोष्टीतही विमान वर जातं आणि शेवटी खाली आदळतंच.

आता पैशांचं. दोन वेळा मोडल्यावर नवं लाकूड, तार, चाकं आणि मोटरचा पंखा यांसाठी ताईंनी गटाच्या अंतर्गत कर्जातून २,००० रुपये मागितले. बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. एक आजी म्हणाल्या, आज हिला विमानाला दिले, उद्या माझा नातू पतंगाला मागेल. दुसऱ्या एकीने विचारलं, मुलगा असता तर आपण एवढं विचारलं असतं का? त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. कर्जाचं कारण या रकान्यात काय लिहायचं, यावरही घोळ झाला. खेळ लिहावं की शिक्षण? शेवटी ठराव झाला, 'शिक्षण' लिहून, पाच हप्त्यांत परतफेड. माझं मत तेव्हाही हेच होतं, की लग्नाच्या साड्यांना आपण खळखळ न करता कर्ज देतो, तर याला नाही का म्हणावं. मुलीची निवड मात्र पुढच्या शिबिरासाठी झाली नाही, ती दुसऱ्या फेरीत थांबली. पाय शेवटपर्यंत टिकले. हप्ते वेळेवर आले.

ज्यांच्या गटाकडे ड्रोन आहे किंवा येणार आहे, त्यांनी आता कान द्या. केंद्राची नमो ड्रोन दीदी योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. १५,००० महिला बचत गटांना शेतीच्या फवारणीचे ड्रोन द्यायचे, खर्चाच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, असं तिचं रूप. त्या ड्रोनलाही पाय असतात. भरलेल्या औषधाच्या टाकीसकट सगळं वजन उतरताना त्यांच्यावरच येतं. ते पाय तारेचे नसतात, नळीचे असतात, पण प्रश्न तोच. उडवायच्या आधी सपाट जागी उभा करून बघा, एका बाजूला कललेला आहे का. जोडावरचे बोल्ट हाताने हलवून बघा. नळीवर चीर दिसली, तर त्या दिवशी उडवू नका. आणि पाय मोडला म्हणून गावातल्या वेल्डरकडून जाड लोखंडी पाइप बसवून घेऊ नका. वजन वाढेल, तोल जाईल, आणि दणका पंप आणि मोटरच्या दांड्यांवर जाईल. आमच्या सळईने पोट उपटलं, ते लाकडाचं होतं. तुमचं लाखांचं आहे. कंपनीचाच पाय मागवा.

मुलींना छोटं विमान उडवायचं असेल तर मोकळं मैदान बघा, वरून विजेच्या तारा गेलेल्या नकोत. दोरीवरच्या विमानाच्या तारा धातूच्या असतात, विजेच्या तारेला लागल्या तर जीव जाईल. रिमोटवर उडणाऱ्या विमानांना काही ठिकाणी बंदी असते. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी तसे आदेश काढतात. म्हणून आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यायचं.

त्या ताईंकडे आता मुलीच्या कॉलेजातली इतर मुलंही पाय वाकवून घ्यायला येतात. तार त्यांची असेल तर जोडीचे ४० रुपये, ताईंची असेल तर ८०. तुकडे मोडण्याचं काम त्या अजून काकांवर सोडतात. दोन मिलिमीटर तारेच्या पायांचं खऱ्या मापाचं चित्र मी रेडिओ केंद्रावर देऊन ठेवलं आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कुणाला हवं असेल, तर येऊन झेरॉक्स काढून न्या. मात्र झेरॉक्स काढताना लहान-मोठं होऊ देऊ नका. कागदावर १० सेंटिमीटरची एक रेघ मुद्दाम ओढून ठेवली आहे, ती पट्टीने मोजून घ्या.